पाठ कोकणाकडे

सह्याद्रीचे फोटो काढायला मला मोहोळच्या माणसानं शिकवलं, असं म्हटलं की पुण्याचे मित्र चकित होतात. मोहोळ म्हणजे काळी सपाट रानं, ज्वारी, अलीकडे ऊस, सीनेचं पात्र आणि पुणे-सोलापूर महामार्ग. नजर जाईल तिथवर डोंगर नाही. जिल्ह्यात वर्षाकाठी साधारण साडेपाचशे मिलिमीटर पाऊस पडतो, तोही लहर लागली तर. अशा गावात एसटी स्टँडजवळ अण्णांचा फोटो स्टुडिओ होता. शाळेच्या दाखल्याचे फोटो, लग्नं, नागनाथाची यात्रा, आणि उरलेल्या वेळात डोंगर.

कॉलेजच्या सुट्टीत मी त्यांच्याकडे कामाला लागलो. त्या काळी बहुतेक स्टुडिओंत पाठीमागं रंगवलेला पडदा असायचा, त्यावर बर्फाचे सुळके, निळं तळं, सुचीपर्णी झाडं. नवी जोडपी त्याच्यापुढं उभी राहायची. अण्णांनी तो पडदा काढून गुंडाळून ठेवला होता. त्या जागी त्यांनी स्वतः काढलेला एक मोठा कृष्णधवल फोटो लावला होता. ओल्या खडकांतून एक ओढा येतोय, काठावर भाताची खाचरं, वर ढगात शिरलेलं रान. गिऱ्हाईक विचारायचं, हे कुठलं? अण्णा म्हणायचे, "ही आपली भीमा. भोरगिरीला. लहान हाय अजून."

या उत्तराच्या मागं १९७२ साल होतं. त्या दुष्काळात अण्णा शाळा सोडून रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेले, सुकडी खाऊन राहिले. पश्चिमेकडून भरून आलेलं आभाळ गावावरून कोरडंच पुढं जाताना ते रोज बघायचे. पाऊस वाटेत डोंगर काढून घेतो, एवढं त्यांना तिथल्या मुकादमानं सांगितलं. पुढं १९८० साली भीमेवरचं उजनी धरण पूर्ण झालं, कालव्यांनी तालुक्यातल्या रानांत पाणी आलं, आणि त्यांना उमगलं की डोंगरानं काढून घेतलेलं पाणी नदी आणून देते. मग ते बघायला निघाले, कॅमेरा घेऊन. आमच्याकडे आजही पावसाळ्यात दोन माणसं भेटली की पहिला प्रश्न असतो, दौंडचा विसर्ग किती? उजनी मायनसमधून, म्हणजे मृत साठ्यातून, वर आली का? अण्णांनी हाच प्रश्न धरून वरपर्यंत पायपीट केली.

मला त्यांनी पहिल्यांदा नेलं ते भोरगिरीलाच. मोहोळहून रात्रीची एसटी, पहाटे पुणं, तिथून राजगुरुनगर, मग चासकमान धरणाच्या कडेकडेनं जाणारी दुसरी एसटी. माझं तिकीट त्यांनीच काढलं. रोलचे पैसेही त्यांचे. स्टुडिओत उधारीची एक लाल वही होती, तिच्यात अर्ध्या गावाची नावं होती. माझं कधीच चढलं नाही.

भोरगिरी हे भीमाशंकरच्या पायथ्याचं गाव. आवणीचे दिवस होते, बाया गुडघाभर चिखलात वाकून रोपं लावत होत्या. नदीकाठी कोटेश्वराचं जुनं देऊळ. उजनीत जी भीमा समुद्रासारखी पसरते, पंढरपुरात चंद्रभागा होते, आमच्या तालुक्याच्या कडेला बेगमपूरच्या पुलाखालून संथ निघून जाते, ती इथं दगडादगडांवरून उड्या मारत होती. मी भराभर फोटो काढायला लागलो. अण्णांनी कॅमेऱ्यावर हात ठेवला. "आधी पाणी पी तिचं," म्हणाले.

त्या दिवशी धुकं दाट होतं. धुक्यात मीटरवर विसंबू नये, हे तिथंच शिकलो. सगळं पांढरं दिसलं की मीटर ते करडं करून ठेवतो. म्हणून तो सांगतो त्याहून एक स्टॉप जास्त उघडायचा. उलट ओला काळा पत्थर चौकटभर असेल तर एक स्टॉप कमी, नाहीतर त्याचा काळेपणा जातो. भोरगिरीहून रानातून भीमाशंकरला चढणारी वाट आहे, तिच्यावर शेकरू दिसला तर हलायचं नाही, फोटो मिळो न मिळो. हेही त्यांचंच.

मुक्काम एका महादेव कोळी कुटुंबात झाला. अण्णांनी पिशवीतून कडक भाकरी आणि शेंगाचटणी काढून घरच्या आजींपुढं ठेवली. आजींनी नाचणीची भाकरी आणि कुर्डूची भाजी वाढली. "तुमच्यातलं पाणी आमच्यात येतं आजी," अण्णा म्हणाले, तर त्या म्हणाल्या, "येऊ द्या की, आमच्याकडं कुठं थांबतंय ते." उन्हाळ्यात त्यांनाही हंडा घेऊन लांब जावं लागायचं. एवढ्या पावसाच्या गावात उन्हाळ्यात पाणी नसतं, ही गोष्ट अण्णांच्या फार जिव्हारी लागली होती. परतल्यावर पहिलं काम म्हणजे ज्याचा-ज्याचा फोटो काढला त्याला प्रिंट टपालानं पाठवणं. विकायचे फोटो नंतर धुवायचे.

पण त्यांची खरी देणगी मला नाणेघाटात मिळाली. जुन्नरहून चावंडच्या बाजूनं वर गेलं की घाटाच्या तोंडाशी तो जकातीचा दगडी रांजण, थोडं खाली सातवाहन राणी नागनिकेचा शिलालेख असलेली गुहा, डावीकडं जीवधन. पावसाळ्यात कड्यावरून पडणारं पाणी कोकणातून येणाऱ्या वाऱ्यानं उलटं वर उडतं. सगळे तोच फोटो काढतात आणि काढावाच, मीही काढला. मग अण्णांनी मला खांद्याला धरून फिरवलं. "कुठं बघालायस? हिकडं बघ."

पूर्वेला कडा नाही, थरार नाही. मऊ उतार, त्यावर खाचरं, खाचरांतून निघालेले बारीक ओहोळ. कड्याच्या धारेवर पडलेला पाऊस हातभर पलीकडं गेला तर कोकणात उतरून अरबी समुद्राला मिळतो. अलीकडं पडला तर कुकडीत येतो. कुकडी घोडनदीला, घोडनदी उजनीच्या वर भीमेला, भीमा आमच्या शिवाराला, पुढं कृष्णेला आणि अखेर बंगालच्या उपसागराला. दुपार कलली की कोकणाकडून येणारं ऊन याच उतारावर तिरकं पडतं. एकेक खाचर उजळतं. पश्चिमेकडं तोंड करून उभ्या असलेल्यांच्या चौकटीत तेव्हा सूर्य सरळ भिंगात शिरत असतो. उतारावर थोडं खाली पूर गावात कुकडेश्वराचं कोरीव देऊळ आहे. नाणेघाटाला जाणाऱ्यांनी तिथं तासभर थांबायला हवं असं माझं कळकळीचं म्हणणं आहे. संध्याकाळचा उजेड त्या दगडांवर फार सुंदर येतो.

सह्याद्रीत मी नंतर पुष्कळ हिंडलो. कासचं पठार सप्टेंबरात, महाबळेश्वरची टोकं, हरिश्चंद्रगड. कोकणकडा पश्चिमेला तोंड करून असल्यानं सकाळी सावलीत असतो; पण खाली ढग भरलेले असतील आणि पाठीशी कोवळं ऊन असेल तर त्या ढगांवर आपल्या सावलीभोवती गोल इंद्रवज्र उमटतं. ते बघायला अण्णा माझ्याबरोबर पाचनईहून चढले. गडावरचं पाणी मुळेतून प्रवरेला आणि पुढं गोदावरीला, म्हणजे जायकवाडीला जातं, हे त्यांना पाठ होतं. "मराठवाड्याचं पाणी हाय. त्यांचंबी बघून यावं," म्हणाले. इंद्रवज्र त्या दिवशी दिसलं नाही. केदारेश्वराच्या गुहेत कमरेएवढ्या गार पाण्यातून त्यांनी शिवलिंगाला प्रदक्षिणा घातली.

आज मासिकांत माझे फोटो छापून येतात, तेव्हा संपादक हमखास सांगतात की यात डोंगर असतो आणि डोंगराखालची माणसंही असतात. ती नजर माझी नव्हे. रात्रीच्या एसटीत शेजारी बसून, स्वतःची शाल माझ्या अंगावर टाकून, एका माणसानं ती मला दिली. वडिलांनी मला वाढवलं. जगाकडं कुठं तोंड करून उभं राहायचं हे अण्णांनी शिकवलं. ते गेले त्या वर्षी उजनी भरली होती.

स्टुडिओच्या जागी आता मोबाईलचं दुकान आहे. निगेटिव्हचे डबे त्यांच्या मुलीनं माझ्याकडं सोपवले. मी त्या स्कॅन करतोय. ज्या घरांचे पत्ते डब्यांवर लिहिलेत त्यांना पुन्हा प्रिंट पाठवतोय. भोरगिरीहून नातवाचं उत्तर आलं, आजीचा दुसरा फोटोच नव्हता म्हणून. डब्यांत अण्णांच्या हातची नद्यांची एक यादीही सापडली. भीमा, कुकडी, घोड यांच्यापुढं खुणा आहेत. इंद्रायणीचं कुरवंडे आणि भोरच्या डोंगरातली नीरा राहून गेली. नीरा उजनीच्या खाली, नरसिंहपूरला भीमेत येते, म्हणून बहुधा शेवटी ठेवली असावी. यंदा श्रावणात त्यांची मुलगी आणि मी आधी कुरवंड्याला जाणार आहोत. कॅमेरा ती अण्णांचाच घेणार आहे. त्याला अजून रोल लागतो, तो पुण्यात मिळतो.