दोरीपुरती जागा

गेल्या पावसाळ्यात माझ्या पुतणीने मुलुंडच्या एका नव्या वसाहतीत अठराव्या मजल्यावर घर घेतले, आणि ताबा मिळाल्यानंतरच्या पहिल्याच रविवारी, पस्तीस वर्षे घरांचे नकाशे काढण्यात घालवलेल्या आपल्या काकाला ते दाखवण्यासाठी तिने मोठ्या अगत्याने बोलावले. खाली संगमरवरी दालन होते, पोहण्याचा तलाव होता, व्यायामशाळा होती. घरात शिरल्यावर तिने एकेक खोली दाखवली, चहा केला, आणि कप माझ्या हाती देताना विचारले, "काका, ह्या घरात कपडे कुठे वाळत घालायचे?"

मी उठून पुन्हा एकदा घर पाहिले. गॅलरी नव्हती. स्वयंपाकघराची खिडकी जेमतेम चार फूट रुंदीच्या डक्टमध्ये उघडत होती आणि तिच्यातून वाऱ्याऐवजी खालच्या मजल्यांवरच्या फोडण्यांचा वास वर येत होता. शयनगृहाच्या खिडकीबाहेर हातभर रुंदीची एक कड होती, पण ती वातानुकूलन यंत्राने अडवली होती. खिडकी सरकत्या काचांची, म्हणजे कितीही सरकवली तरी निम्मीच उघडणारी. आणि तिच्यावर छज्जा नसल्यामुळे, वारा सर्वांत अधिक हवासा वाटतो त्या पावसाच्या दिवसांत ती निम्मीही उघडता येत नव्हती. दर्शनी बाजूस कपडे दिसता कामा नयेत अशी अट तर करारनाम्यातच होती. तेव्हा हॉलच्या मध्यभागी, पंख्याखाली, एक घडीचा स्टँड उभा होता. त्यावर तान्ह्या मुलाची लंगोटी, दुपटी आणि सासऱ्यांचे धोतर दोन दिवसांपासून वाळत होते, खालच्या फरशीवर ओलसर डाग पडला होता, आणि नव्या रंगाच्या वासात तो ओळखीचा कुबट वास मिसळला होता.

ज्या घरासाठी दोन माणसांनी पुढच्या वीस वर्षांची कमाई गहाण टाकली, त्या घरात धुतलेल्या कपड्यांना जागा नसावी, ही गोष्ट मला त्या क्षणी फार लागली. कारण अशा नकाशांवर मी स्वतःही सही केलेली आहे.

माझे बालपण दादरच्या हिंदू कॉलनीत गेले. १८९६ च्या प्लेगने मुंबई हादरल्यावर १८९८ साली स्थापन झालेल्या इम्प्रूव्हमेंट ट्रस्टने दादर-माटुंग्याच्या ह्या वसाहती आखल्या, आणि प्रकाश व हवा हीच त्या रोगावरची औषधे मानल्यामुळे साडेत्रेसष्ट अंशांचा एक नियम त्या ट्रस्टने प्रमाण धरला. खिडकीच्या तळापासून समोरच्या इमारतीच्या माथ्यापर्यंत रेषा ओढली, तर तिने जमिनीशी केलेला कोन साडेत्रेसष्ट अंशांहून अधिक नसावा, असे त्याचे सार. नियम भूमितीचा दिसतो, पण त्याचा अर्थ मोठा वत्सल आहे: समोरची इमारत जेवढी उंच, त्याच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे सोडा, म्हणजे तळमजल्यावरच्या माणसालाही घरात बसून आकाश दिसेल. पुतणीच्या इमारतीखाली उतरून मी समोरच्या मनोऱ्यापर्यंतचे अंतर पावलांनी मोजले. सत्तर मीटर उंचीला त्या हिशेबाने पस्तीस मीटर मोकळे हवे होते. तेथे पंधराही भरले नाहीत.

आमच्या घरात दारांवर झडपा होत्या, खिडक्यांवर छज्जे होते, आणि रस्त्याच्या बाजूस पाच फुटांची गॅलरी होती. त्या गॅलरीत आजोबा वर्तमानपत्र वाचीत, आई तांदूळ निवडी, आम्ही भावंडे अभ्यासाचे निमित्त करून रस्ता न्याहाळीत असू, आणि ह्या सगळ्यांच्या डोक्यावर, कप्पीच्या दोरीवर, घराचे कपडे वाऱ्याने हलत असत. घर आणि बाहेर यांच्या सीमेवरची ती जागा धड खोली नव्हती की धड रस्ता नव्हती, आणि म्हणूनच तिला इतके उपयोग होते.

ती गेली कशी, याचा तपशील आम्हा व्यावसायिकांना ठाऊक आहे. मुंबईच्या १९९१ च्या बांधकाम नियमावलीत मजल्याच्या एक-दशांशापर्यंतची बाल्कनी चटईक्षेत्रातून, म्हणजे भूखंडावर बांधू दिलेल्या एकूण क्षेत्रातून, वगळलेली होती. पुढे ह्या सवलतीचा दुरुपयोग झाला. बाल्कनी बंदिस्त करून खोलीत मिळवणे, फुलझाडांच्या कुंडीसाठी म्हणून मंजूर करून घेतलेली जागा विकणे, हे सर्रास होऊ लागले. तेव्हा २०१२ साली मुंबईत ह्या सर्व जागा चटईक्षेत्रात धरण्यात आल्या आणि त्यांच्या बदल्यात निवासी इमारतींना अधिमूल्य भरून पस्तीस टक्के जादा क्षेत्र देऊ केले गेले. हेतू प्रामाणिक होता. परंतु त्या दिवसापासून गॅलरीचा फूट आणि खोलीचा फूट एकाच भावाचे झाले, आणि मग गॅलरी कोण बांधणार? त्यातच २०१६ च्या रेरा कायद्याने गिऱ्हाइकाच्या हिताकरता जी कार्पेट क्षेत्राची व्याख्या केली, तीत बाल्कनी धरत नाहीत. गिऱ्हाईक कार्पेट किती एवढेच विचारते, विकासक तेवढेच सांगतो, आणि आमची लेखणी त्या आकड्यापासून निघून त्या आकड्यापाशीच थांबते. घरात वावरणारे माणूस मध्ये कुठेच येत नाही.

उंचीला दोष देण्याची प्रथा आहे, ती मला मान्य नाही. पेडर रोडवर वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी बांधलेली अठ्ठावीस मजल्यांची 'कांचनजंगा' १९८३ साली पुरी झाली. मुंबईत वारा पश्चिमेचा, समुद्र पश्चिमेला, आणि तापते ऊन व झोडपणारा पाऊसही तिकडचाच. ह्या पेचातून मार्ग काढताना त्यांनी जुन्या बंगल्याचा व्हरांडा आठवला आणि इमारतीचे कोपरे कोरून तेथे दुप्पट उंचीच्या बागा बसवल्या. ती घरे धनिकांची, हे खरे. पण त्याच हाताने बेलापूरला साध्या उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी सात-सात घरे एकेका अंगणाभोवती मांडली, तीही त्याच दशकात. पैशाहून अधिक काहीतरी त्या दोन्ही नकाशांत खर्च झालेले आहे.

पुतणीला मी छताला टांगायची, दोरीने वरखाली होणारी दांडी सुचवली, दांडीचे माप घेतले, आणि पुतणीची समजूत घातली. दुसऱ्या दिवशी कार्यालयात एका विकासकाचा आराखडा समोर होता; जवळजवळ तसेच घर, तशीच खिडकी. मी तिच्यापुढे एक मीटर वीस सेंटीमीटरची गॅलरी काढली, वर छज्जा काढला, आणि दोरीच्या हुकांची जागासुद्धा ठिपक्यांनी दाखवली. सायंकाळी त्या विकासकांचा फोन आला. "साहेब, ही जागा काढली कुठून?"

"हॉलमधून," मी म्हटले.

ते काही वेळ बोलले नाहीत. आराखडा अजून त्यांच्या टेबलावर आहे.