आलेल्या पैशांची चौकशी

सांगलीच्या वसंतदादा मार्केट यार्डात आमचं बेदाण्याचं दुकान आहे. सौद्यात माल घ्यायचा, प्रतवारी करून उत्तरेकडे पाठवायचा, हा सासऱ्यांचा जुना धंदा. बँक, जीएसटी आणि मोबाइलवरचं सगळं माझ्याकडे. ऑनलाइन फसवणुकीबद्दल यार्डातली माणसं आता बऱ्यापैकी सावध झालीत. पेमेंटचा खोटा स्क्रीनशॉट, क्यूआर कोडवर चिकटवलेला दुसराच कोड, व्हॉट्सॲपवर चलान म्हणून येणारी एपीके फाइल, हे आमच्याकडच्या हमालांनाही माहीत आहे. या सगळ्यांत पैसे जातात. आमच्या खात्यात मात्र पैसे आले, अगदी ठरल्याप्रमाणे, माल गाडीत भरायच्या आधी.

पार्टी नवीन होती. फोनवर भाषा धंद्यातली, हिरव्या बेदाण्याचा भाव बरोबर माहीत. पाठवलेला जीएसटी नंबर पोर्टलवर तपासला तर चालू होता, रिटर्नंही भरलेली. साडेतीन लाख रुपये तीन वेगवेगळ्या नावांनी आले. “साडूच्या आणि भाच्याच्या खात्यातून टाकतोय,” असं तो म्हणाला. यार्डात हे रोजचंच आहे. कुणाचं पेमेंट कुणाच्या खात्यातून येईल याचा नेम नसतो. गाडी गेली. वाटेत ड्रायव्हरला फोन आला, की गोडाऊन बदललंय, माल दुसरीकडे उतरवा. हे ट्रान्सपोर्टवाल्याने आम्हाला फार नंतर सांगितलं.

दिवाळीच्या तोंडावर एका शेतकऱ्याचा चेक परत आला. सांगलीत त्या दिवसांत सौदे बंद ठेवतात आणि व्यापाऱ्यांनी शेतकऱ्यांचं सगळं देणं चुकतं करायचं असतं. झिरो पेमेंट म्हणतात त्याला. त्यात नाव मागे राहणं म्हणजे यार्डात मान खाली. आणि नेमकं तेव्हा आमचं चालू खातं फ्रीज! बँकेतल्या साहेबांनी स्क्रीन माझ्याकडे वळवली. दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांची सूचना होती, सोबत तक्रारीचा क्रमांक.

हळूहळू उलगडलं ते असं. एका निवृत्त शिक्षकाला शेअरच्या नफ्याचं आमिष दाखवून कुणीतरी पैसे भरायला लावले होते. ते भाड्याने घेतलेल्या खात्यांतून फिरवून आमच्याकडे वळवले. शिक्षकाने 1930 ला फोन केला. तिथे तक्रार नोंदली, की पैसा ज्या ज्या खात्यातून सरकला त्या प्रत्येक बँकेला कळतं आणि ती रक्कम अडवली जाते. खात्यांच्या त्या साखळीत शेवटची कडी आमची. चोराने चोरीचा पैसा खर्चून आमचा बेदाणा विकत घेतला आणि बहुधा कुठेतरी रोखीने विकून तो मोकळा झाला. जीएसटी नंबर एका खऱ्या, बिचाऱ्या दुकानदाराचा होता. पोर्टलवर तो कुणालाही दिसतो, हे माझ्या तेव्हा ध्यानात आलं.

मामा, म्हणजे माझे सासरे, भडकले. “माल आपला गेला, आणि चोर आपणच?” त्यांचा राग मला पटत होता, तरी त्या शिक्षकाला दोष द्यावा असं वाटेना. पैसे अडवायची ही सोय नसती तर त्यांच्या हाती काहीच लागलं नसतं. माझी तक्रार वेगळी आहे: वादातली रक्कम साडेतीन लाख, मग बाकीचं खातं का बंद? केरळ उच्च न्यायालयाने 2023 मध्ये अशाच प्रकरणांत बँकांना वादातल्या रकमेपुरतंच खातं गोठवायला सांगितलं होतं. आमच्या वकिलांनी त्याचा हवाला देऊन अर्ज केला. तपास अधिकाऱ्याला मी बिल, ई-वे बिल, ट्रान्सपोर्टची बिल्टी, वजनकाट्याची पावती आणि व्हॉट्सॲपवरचं सगळं बोलणं पाठवलं. माल खरंच गेलाय हे कागदावर दिसलं, तेव्हा गाडं हललं. खातं सुटलं. साडेतीन लाख अजून अडकलेत, त्यांचा निकाल कोर्टात लागेल. झिरो पेमेंटसाठी दिरांच्या ठेवी मोडाव्या लागल्या, ते वेगळंच.

आता दोन खाती केलीत. बाहेरून पैसे येतात ते एक, आणि शेतकऱ्यांना द्यायचं खातं वेगळ्या बँकेत. त्याचा नंबर गिऱ्हाइकाला देत नाही. बिल ज्याच्या नावाचं, पैसे त्याच्याच खात्यातून आले पाहिजेत. दुसऱ्या नावाने आले तर गाडी भरत नाही, आणि पार्टीने सांगितलेल्या तिसऱ्याच खात्यात ते परतही करत नाही, कारण ती मागणी हाच पुढचा सापळा असतो. अशा वेळी बँकेला लेखी कळवून ज्या खात्यातून आले तिथेच पाठवतो. नव्या पार्टीचा फोन नंबर आम्ही तिच्या गावच्या अडत्याकडून घेतो, तिने दिलेला धरत नाही. बिल्टीवर ‘पत्ता बदलल्यास आधी सांगलीला फोन’ असा शिक्का मारलाय. ट्रान्सपोर्टवाला कुरकुरतो, पण पाळतो.

सगळ्यात जड गेलं ते जुन्या गिऱ्हाइकांना हे सांगणं. इंदूरचे एक शेठ कित्येक वर्षं मेव्हण्याच्या खात्यातून पैसे पाठवत आलेत. मी नाही म्हटल्यावर त्यांनी थेट मामांना फोन लावला, “सूनबाईंचा आमच्यावर भरवसा उरला नाही का?” मामांनी अर्धा तास द्राक्षांच्या छाटणीपासून पावसापर्यंत सगळं बोलून घेतलं आणि शेवटी म्हणाले, “शेठ, पैसे तुमच्याच खात्यातून येऊ द्या. आमच्या घरात बँक तिच्याकडे आहे.”