कोर्टाची पायरी

शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. आम्ही ती चढलो, आणि तीही घरापासून इतक्या लांब, इंदूरला.

लग्न होऊन मी इथे आले त्याला बरीच वर्षे झाली. होळकरांचं गाव, राजवाड्याच्या आसपास आजही मराठी कानावर पडतं. म्हणूनच बेळगावच्या अक्काने आपल्या मुलाला इंजिनिअरिंगसाठी इथे पाठवलं. आमचे भावजी कन्नड. मुलगा मला ‘चिक्कम्मा’ म्हणतो, हट्ट मात्र मराठीतून करतो.

२०१८ सालच्या थंडीत एका रात्री फोन आला. खोलीजवळच पोलिसांनी त्याला पकडलं होतं. खिशात गांजाची पुडी, वजन पन्नास ग्रॅमच्या आत. दुसऱ्या दिवशी जामीन झाला आणि तिसऱ्या दिवशी अक्का-भावजी येऊन पोहोचले.

भावजी वकिलांवर चिडलेच. “रंगपंचमीच्या गेरीला इथे लोक भांग पितात, सरकारी परवान्याची दुकानं आहेत. मग आमचाच मुलगा गुन्हेगार कसा?” वकिलांनी शांतपणे समजावलं. १९८५ च्या अमली पदार्थ कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे. नुसती पानं त्यात येत नाहीत, म्हणून भांग सुटते. गांजा एक किलोपर्यंत असेल तर ‘अल्प प्रमाण’, वीस किलोच्या वर गेला की ‘व्यापारी प्रमाण’. अल्प प्रमाणालाही एक वर्षापर्यंत सक्तमजुरी, दहा हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं.

मग तारखा सुरू झाल्या. सकाळी जाऊन बाकावर बसायचं, पुकारा होण्याची वाट बघायची, आत दोन मिनिटं उभं राहायचं आणि पुढची तारीख घेऊन परतायचं. कधी प्रयोगशाळेचा अहवाल आलेला नसे, तर कधी साक्षीदार नसे.

कुणी म्हणालं, गुन्हा कबूल करा, दंड भरा, मोकळे व्हा. पण मग दोषी म्हणून नोंद राहते, पुढे नोकरीत आडवी येते. वकिलांनी दुसरी वाट दाखवली. याच कायद्याच्या ६४-अ कलमानुसार, अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यातला व्यसनी माणूस आपण होऊन सरकारमान्य केंद्रात उपचार घेत असेल, तर त्याच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले, तर मात्र हे संरक्षण काढून घेता येतं.

अडचण एकच होती. अर्जात ‘मी व्यसनी आहे’ असं लिहायचं होतं.

अक्का रडू लागली. “आमच्या घरात सुपारीसुद्धा कुणी खात नाही. मित्राची पुडी होती म्हणून सांगू या.” मुलगा खाली मान घालून म्हणाला, “नाही आई. मला व्यसन आहे. दोन वर्षं झाली.”

दोन महिने भावजी त्याच्याशी बोलले नव्हते. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि हळूच म्हणाले, “येन व्यसनप्पा निनग?”

तुमच्या-माझ्यासारख्या दोन भाषांच्या घरांत हे लगेच कळेल. मराठीत व्यसन म्हणजे वाईट नाद. कन्नडमध्ये त्याच शब्दाला दुःखाचाही अर्थ आहे. आम्ही नाद ऐकला होता. बापाने विचारलं, तुला दुःख कसलं रे?

कोर्टाच्या व्हरांड्यात पोरगा बोलायला लागला. पहिल्याच वर्षी राहिलेले विषय, घरी सांगायची भीती, खोलीतलं एकटेपण. भावजींनी मधे एक शब्द काढला नाही. सगळं ऐकल्यावर एवढंच विचारलं, “ऊटा आतेनो?” सकाळपासून तो जेवला नव्हता. मी डबा उघडला.

अर्ज गेला, उपचार सुरू झाले. मधे एकदा पाय घसरला, पुन्हा केंद्रात नेला. उपचार पूर्ण झाल्याचा दाखला कोर्टात दिला, तेव्हा कुठे प्रकरण मिटलं. आज तो नोकरीला आहे.

दर रविवारी त्याचा बेळगावला फोन जातो. भावजी आधी जेवणाचं विचारतात, मग दुसरा प्रश्न. तो कोणता, हे आता आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. पोलिसांचा फोन येण्याआधी तो विचारायला हवा होता, एवढंच वाटतं.