पाण्याचे पांच डबे

प्रवासाला निघावयाचें म्हणजे वळकटी बांधावयाची, एवढीच आमची समजूत पुष्कळ वर्षें होती. लहानपणीं आजोळीं जावयाचें असलें म्हणजे वडील आदल्या रात्रीं कंदील घेऊन बैलगाडीभोंवतीं फेऱ्या घालीत. कण्याला वंगण, जुंवाला दोर, बैलांना कडबा, सारें स्वतः पाहात. आम्ही तेव्हां झोपेंत असूं. पुढें मॅट्रिक होऊन पाठशाळेंत संस्कृत शिकलों आणि सर्व जन्म तेंच शिकविण्यांत गेला. प्रवास घडला तो आगगाडीनें किंवा एस्. टी.नें, गाडीची काळजी दुसऱ्यानें केली. त्यामुळें गाडी सज्ज करणें म्हणजे काय, हें आम्हांस गेल्या वर्षीं वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं, ऑस्ट्रेलियांत चिरंजिवांच्या घरीं शिकावें लागलें. तें शिकतांना आमच्या हातून जो अपराध घडला, तो वाचकांपुढें मांडावा असें मनानें घेतलें आहे.

चिरंजीव नोकरीनिमित्त ॲडलेड शहरीं असतात. तेथें जुलैमध्यें, म्हणजे ऐन हिंवाळ्यांत, शाळांना दोन आठवडे सुटी असते. त्या सुटींत आईबाबांस त्या खंडाचा आंतला मुलूख दाखवावा असा त्यांनीं बेत केला. मारी या गांवापासून ऊडनाडाटावरून मार्ला या गांवापर्यंत सुमारें ६२० किलोमीटरांचा कच्चा रस्ता आहे. पूर्वीं याच बाजूनें 'घॅन' नांवाची आगगाडी जात असे. १९८० सालीं तो जुना लोहमार्ग बंद झाला. आतां वाटेंत विल्यम क्रीक आणि ऊडनाडाटा हींच काय तीं वस्तीचीं ठिकाणें, आणि एकापासून दुसरें सुमारें दोनशें किलोमीटर दूर. ऊडनाडाटा येथें २ जानेवारी १९६० रोजीं उष्णतामान ५०.७ अंशांपर्यंत चढलें होतें. म्हणून शहाणीं माणसें तिकडे हिंवाळ्यांतच जातात.

चारही चाकांना इंजिनाचा जोर पोहोंचविणारी उंच गाडी दारांत उभी होती. तरीहि चिरंजीव महिनाभर आधींपासून याद्या करूं लागलेले पाहून आम्ही हंसून म्हणालों, "गाडी एवढी मजबूत, मग हा खटाटोप कशाला?" तेव्हां त्यांनीं आम्हांस १९६३ सालच्या नाताळांतली हकीकत सांगितली. त्याच मुलखांतल्या बर्ड्सव्हिलच्या रस्त्यावर एका कुटुंबाच्या मोटारींतलें पेट्रोल संपलें. तीं माणसें गाडी सोडून पायीं निघालीं आणि तहानेनें पांचहि जणांचा अंत झाला. आमच्या गाडींतहि आम्ही पांचच जण बसावयाचे होतों. त्यानंतर आम्हीं खटाटोप हा शब्द काढला नाहीं.

ती तयारी थोडक्यांत सांगतों. चिरंजिवांच्या मतें गाडीपेक्षां टायर महत्त्वाचे. त्यांनीं जाड कडांचे टायर घातले आणि एकाऐवजीं दोन स्टेपन्या घेतल्या. सडकेवर टायरांत ३८ पौंड हवा असे. खडीच्या रस्त्यावर ती २८ च्या आसपास, आणि मऊ वाळूंत १८ पर्यंतहि उतरवावयाची, व वेगहि त्याच मानानें कमी करावयाचा. कमी हवेचा टायर दगडावर फुटण्याऐवजीं दबतो आणि वाळूंत पसरून तरतो. हवा पुन्हां भरण्यास बॅटरीवर चालणारा पंप होता. इंजिनाच्या बॅटरीखेरीज दुसरी एक बॅटरी शीतपेटीसाठीं बसविली, म्हणजे दूध थंड राहावें आणि सकाळीं गाडीहि सुरू व्हावी. रुतलेल्या चाकांखालीं घालावयाच्या फळ्या घेतल्या आणि ओढून काढण्याचा पट्टा घेतला. हा पट्टा ट्रेलर जोडण्याच्या गोळ्याला कधींहि अडकवूं नये; ताणानें गोळा तुटला तर तोफेच्या गोळ्यासारखा येतो आणि त्यानें माणसें मेलीं आहेत. सामान व माणसें यांच्यामध्यें पोलादी जाळी बसविली. कारण गाडी एकाएकीं थांबली असतां मागचा साधा डबाहि पुढच्याचें डोकें फोडतो.

निरोपाची सोय तिहेरी होती. जवळच्या गाड्यांशीं बोलण्यास रेडिओ, दूरसाठीं उपग्रहावरून चालणारा फोन, आणि अगदींच प्राणावर बेतलें तर कळ दाबतांच आपलें ठिकाण कळविणारें एक छोटें यंत्र. या मुलखांत निरोपाचें मोल फार. १९२८ सालीं जॉन फ्लिन यांच्या खटपटीनें तेथें विमानानें जाणारे डॉक्टर सुरू झाले. पाठोपाठ १९२९ सालीं आल्फ्रेड ट्रेगर यांनीं पायानें फिरवावयाचा रेडिओ तयार केला, म्हणून दूरच्या वस्त्यांस त्या डॉक्टरांना हांक मारतां येऊं लागली. १९५१ पासून ॲलिस स्प्रिंग्ज येथून रेडिओवर शाळाहि भरूं लागली. विद्यार्थी शेंकडों मैलांवर आणि गुरुजी एका खोलींत! आम्हां जुन्या शिक्षकास या गोष्टीचें अप्रूप वाटलें.

सर्वांत मोठा प्रश्न वजनाचा. माणसें धरून गाडींत सुमारें ६०० किलो ओझें चालत होतें. त्याहून अधिक घातल्यास कच्च्या रस्त्यावर स्प्रिंगा मोडतात, शिवाय तें कायद्याविरुद्धहि आहे. पाणी शंभर लिटर, म्हणजे शंभर किलो तेंच. तें वीस वीस लिटरांच्या पांच डब्यांत भरून प्रत्येक डबा पट्ट्यानें जागच्या जागीं आवळला होता. वजनकांट्यावर गाडी नेली तों ४० किलो जास्त भरली! तेव्हां घरांत एक लहानसा त्यागयज्ञ झाला. आमच्या कुटुंबानें खलबत्ता, लोखंडी तवा आणि निम्मे स्टीलचे डबे निमूटपणें काढले; भाजणी, मेतकूट आणि लाडू पातळ पिशव्यांत भरले. सूनबाईंनीं खुर्च्या काढल्या. चिरंजिवांनीं स्वतःचा कॅमेरा व त्याची तिवई ठेवून दिली. मग ते आमच्याकडे वळून म्हणाले, "बाबा, एवढी पेटी राहूं द्या." त्या पेटींत आमचीं पुस्तकें, तांब्याचें घंगाळ आणि पूजेचीं उपकरणीं होतीं, वजन अकरा किलो. आम्हीं मान डोलाविली, पण मनांत सल राहिला. मुलाच्या घरीं वडिलांची पेटी जड व्हावी काय, असें वाटलें. निघण्याच्या दिवशीं पहांटे, सर्व आंत असतांना, आम्हीं पेटी परत गाडींत ठेवली. तिला जागा करण्यासाठीं पाण्याचा एक डबा पट्ट्यांतून सोडवून जॅकच्या दांड्याला टेकवून ठेवला. अकरा किलोंनीं काय होतें, असें म्हणून कोणास बोललों नाहीं.

मारी सोडतांना नऊ वर्षांच्या नातीकडे पाण्याच्या हिशेबाची वही दिली. दररोज माणशीं पांच लिटर, असा नेम ठरला. पहिला मुक्काम विल्यम क्रीकच्या पुढें, जुन्या लोहमार्गाच्या एका पडक्या इमारतीजवळ पडला. दुसऱ्या दिवशीं पहांटे आम्ही नित्याप्रमाणें उठलों, घंगाळ काढलें, पाणी तापविलें आणि स्नान केलें. सूनबाईंनीं पाहिलें, पण त्या बोलल्या नाहींत. नातीनें मात्र वहींत लिहिलें, 'आजोबा, आंघोळ, ८ लिटर.'

दुपारीं आभाळ भरून आलें आणि त्या वाळवंटांत पाऊस सुरू झाला. तासाभरांत रस्त्याची तांबडी माती लोण्यासारखी झाली. फोनवरून कळलें कीं पुढचा व मागचा दोन्ही रस्ते बंद केले आहेत. बंद रस्त्यावर गाडी घातली तर दंड होतो, आणि रुतली तर त्याहून वाईट. उंचवटा पाहून आम्ही थांबलों. चिरंजिवांनीं सुखरूप असल्याचा निरोप दिला आणि मागचें दार उघडलें. फळीवरून पाणी ठिबकत होतें. त्या रस्त्यावर पन्हळी पत्र्यासारख्या लाटा असतात. दीड दिवस त्यांवर घासून जॅकच्या दांड्यानें डब्याला भोंक पाडलें होतें. डबा रिकामा, आणि त्याच्या जागेवर आमची पेटी कोरडी ठणठणीत!

नातीनें हिशेब केला. पहिल्या दिवशीं २२ लिटर खर्चिले, स्नानाचे ८, वाहून गेले २०; उरले ५०. म्हणजे नेमानें बरोबर दोन दिवस, आणि रस्ता केव्हां उघडेल तें कोणासच ठाऊक नाहीं. पहिल्या सरीचें पाणी ताडपत्रीवर धरलें. तें दीड बादली झालें आणि भांड्यांस पुरलें. पुढें नुसती भुरभुर. त्या रात्रीं नातीनें पाणी मागितलें आणि सूनबाईंनीं पेला अर्धाच भरून दिला. पोरीनें तो तक्रार न करितां घेतला. आमच्या घशाला मात्र कोरड पडली.

मग आम्हीं सर्वांसमक्ष सांगितलें कीं पेटी आम्हींच ठेवली आणि डबा आम्हींच हालविला. बोलतांना आवाज नीट निघेना. जन्मभर मुलांच्या पाट्या तपासल्या, स्वतःची पाटी दाखविण्याची ही पहिलीच वेळ. चिरंजीव क्षणभर थांबून म्हणाले, "बाबा, पाणी एका टाकींत न भरतां पांच डब्यांत भरलें, तें याचसाठीं. कोणाकडून तरी कांहीं तरी चुकणार, हें धरूनच यादी केली होती. फक्त तें कोण, एवढें ठाऊक नव्हतें." कुटुंब हंसलें, आणि मग आम्हांसहि हंसूं आलें.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं ऊन असतांनाच चार थेंब अंगावर पडले, आणि आम्हीं वर्गांत कितीदां तरी सांगितलेला विषय आठवला. स्मृतिकारांनीं स्नानें सात सांगितलीं आहेत. पाण्याचें वारुण स्नान हें त्यांतलें एक. मंत्रानें होतें तें मान्त्र, मातीनें भौम, भस्मानें आग्नेय, गाईंच्या खुरांच्या धुळीनें वायव्य, उन्हांतल्या पावसानें दिव्य, आणि ध्यानानें मानस. पाणी नसेल, शक्ति नसेल, काळ अनुकूल नसेल, हें त्यांनीं आधींच जाणलें होतें. त्यांनींहि आचाराचें पाणी एकाच डब्यांत भरलें नव्हतें! तीं सातहि नांवें आम्हांस पाठ होतीं. पण घंगाळ सोडवलें नाहीं.

तिसऱ्या दिवशीं दुपारीं रस्ता उघडला. ऊडनाडाट्यास पोहोंचलों तेव्हां दहा लिटर पाणी शिल्लक होतें. तेथें आम्हीं स्वतः पांचवा डबा विकत घेतला, भरला, आणि नातीच्या देखरेखीखालीं पट्ट्यानें आवळला.

गाडी सज्ज करणें म्हणजे वस्तू जमविणें, असें आम्हांस वाटत होतें. खरें पाहतां ती माणसांच्या चुकीसाठीं राखलेली जागा असते. दुसरी स्टेपनी, दुसरी बॅटरी, पांचवा डबा, या वस्तू चांगल्या दिवसांसाठीं नसतात. आमच्या मोठ्या घरांतहि आई दररोज दोन माणसांचा भात अधिक टाकी. पाहुणा न आला तर त्याची सकाळीं फोडणी होई. ती उधळपट्टी आहे असें आम्ही तेव्हां म्हणत असूं. मात्र अशी जागा राखून ठेवणारा जो असतो, त्याच्या यादींत वडील माणसांनीं पहांटे उठून हात घालूं नये, एवढें आम्ही वयाच्या सहासष्टाव्या वर्षीं शिकलों. घंगाळ ॲडलेडलाच ठेवून आलों. नातीची ती वही मात्र मागून आणली आहे.