रोलेक्स खा, घड्याळ विसरा!

कंपालात कुणी तुम्हाला रात्री दोन वाजता 'रोलेक्स खाणार का?' असं विचारलं, तर दचकू नका. तो चोरीचं घड्याळ तुमच्या गळ्यात मारत नाहीये. युगांडाच्या या राजधानीत रोलेक्स मनगटावर बांधत नाहीत, पोटात ढकलतात. 'रोल्ड एग्ज' हे दोन शब्द पटापट म्हणून बघा. झालं की नाही रोलेक्स?

फंडा एकदम सोपा आहे. कोळशाची शेगडी, तिच्यावर काळाकुट्ट तवा. प्लॅस्टिकच्या मगात दोन अंडी फोडायची, त्यात कांदा, टोमॅटो आणि बारीक चिरलेला कोबी घालून खळखळ फेटायचं, की ऑम्लेट तयार. त्यावर गरमागरम चपाती पालथी घालायची, वर कच्च्या टोमॅटोच्या दोन चकत्या, मग गुंडाळी करून कागदात बांधायचं आणि हातात द्यायचं. किंमत साधारण दोन-तीन हजार शिलिंग. आकडा ऐकून घाम फुटला? आपल्या पैशात पन्नास ते पाऊणशे रुपये! मकेरेरे विद्यापीठाला लागून असलेल्या वांडेगेया भागात हॉस्टेलच्या भुकेल्या पोरांनी या रोलला डोक्यावर घेतलं, आणि आता तो अख्ख्या देशाचा लाडका आहे. २०२१ साली तर युगांडात दोनशे किलोंहून जास्त वजनाचा रोलेक्स बनवून गिनेस बुकात नाव लावलं गेलं.

आता त्या रोलेक्सकडे जरा नीट बघा. चपाती! मैद्याची, जाडसर, भरपूर तेलाची, थोडी आपल्या पराठ्याकडे झुकणारी, पण नाव चपातीच. ती इथे आली कशी?

चपातीचा पासपोर्ट

इंग्रजांनी १८९६ साली मोम्बासाहून युगांडाच्या दिशेने रेल्वे टाकायला घेतली, तेव्हा हजारो मजूर हिंदुस्थानातून, मुख्यतः पंजाबातून नेले. त्यांच्या आगेमागे गुजराती व्यापारी आले आणि गावोगावी दुकानं निघाली. दुकानाला इथल्या लुगांडा भाषेत आजही 'दूका' म्हणतात. भाजलेल्या मटणाबरोबर येणाऱ्या कांदा-टोमॅटोच्या कोशिंबिरीला म्हणतात 'काचुंबारी'. बसस्टँडवर पुडीत मिळणारा 'बागिया' हा आपल्या शेव-गाठीचा चुलतभाऊ, आणि नावाने भजीचा वारसदार. समोसा तर समोसाच!

मग उजाडलं १९७२. ऑगस्टमध्ये इदी अमीनने फर्मान काढलं: आशियाई लोकांनी नव्वद दिवसांत देश सोडायचा. तिथेच जन्मलेली, तिथेच वाढलेली हजारो माणसं सुटकेस आणि हातखर्चापुरते पैसे घेऊन विमानात बसली. घरं, दुकानं, कारखाने मागे राहिले. मीरा नायरच्या १९९१ च्या 'मिसिसिपी मसाला'ची सुरुवात याच घटनेपासून होते. त्याच वर्षी तिचा मुलगा झोहरान ममदानी कंपालात जन्मला, आणि २०२५ साली तो न्यूयॉर्कच्या महापौरपदी निवडून आला.

पण गंमत बघा. माणसं हाकलली, चपाती मात्र हाकलता आली नाही! ती गाडीवाल्यांनी ठेवून घेतली आणि स्वतःची करून टाकली. नव्वदच्या दशकात सरकारने आशियाई कुटुंबांना परत बोलावलं, मालमत्ता परत करायला घेतल्या, बरेच जण परतलेही. आज कंपालात तुम्हाला थाळीपासून तंदुरीपर्यंत सगळं मिळेल. पण पहिल्याच रात्री पनीर बटर मसाला शोधत फिरणार असाल, तर मग ठाण्यालाच राहिलेलं बरं.

संध्याकाळी सात : धूर दिसेल तिथे थांबा

कंपाला विषुववृत्ताच्या अगदी जवळ आहे. त्यामुळे बारा महिने संध्याकाळी सातच्या आसपास अंधार, उन्हाळा-हिवाळा अशी भानगडच नाही. शहर सुमारे बाराशे मीटर उंचीवर, डोंगरटेकड्यांवर पसरलेलं, म्हणून रात्री हवा झक्कास. पातळ जॅकेट बरोबर असू द्या.

अंधार पडला की रस्त्याकडेला शेगड्या पेटतात. काडीला लावलेलं बोकडाचं, कोंबडीचं भाजलेलं मांस म्हणजे 'मुचोमो'. शेजारी निखाऱ्यावर 'गोंजा', म्हणजे गोडसर केळं, सोनेरी होत असतं. जरा बसून खायचंय? मग पोर्क जॉइंट. इथे प्लेट नाही, किलोवर ऑर्डर. अर्धा किलो, एक किलो असं सांगायचं आणि तासभर वाट बघायची. घाई केलीत तर तुम्ही नवखे आहात हे सगळ्यांना कळतं. मग वेटर जग घेऊन येते, टेबलाशीच तुमच्या हातांवर कोमट पाणी घालते, आणि मधोमध एकच मोठी थाळी येते: मांस, उकडलेला कसावा, काचुंबारी, अ‍ॅव्होकॅडोच्या फोडी. सगळ्यांनी त्यातूनच खायचं. ऑफिसातला साहेब आणि ट्रेनी एकाच थाळीत!

व्हेज मंडळींनी तोंड पाडू नका. 'मातोके' म्हणजे केळीच्या पानात वाफवून मऊ केलेली हिरवी केळी. त्यावर गुलाबीसर रंगाचा शेंगदाण्याचा रस्सा. शेंगदाण्याच्या कुटावर वाढलेल्या आपल्या जिभेला तो पहिल्या घासातच ओळखीचा वाटतो. 'पोशो' म्हणजे मक्याच्या पिठाची घट्ट उकड. 'डोडो' ही पालेभाजी म्हणजे आपला माठच. आणि चपातीचे तुकडे करून त्यावर राजम्यासारख्या बीन्स ओतल्या, की झाला 'किकोमांडो'. खाऊन कमांडोची ताकद येते म्हणे! महिनाअखेरीला खिसा रिकामा झालेल्या पोरांचं हे खास जेवण.

एक दिवस मात्र 'लुवोंबो'साठी राखून ठेवा. कोंबडी, मटण किंवा मशरूम शेंगदाण्याच्या रश्श्यात घालून केळीच्या पानाची पुरचुंडी बांधतात आणि सावकाश वाफवतात. बुगांडाच्या राजवाड्याशी नातं सांगणारी ही डिश. पान उघडल्यावर जो वास येतो, त्याला तोड नाही.

रात्री अकरा : आता कुठे सुरुवात

कंपालात दहाला क्लबमध्ये पोचलात तर तुम्ही आणि झाडूवाला, दोघंच असाल. गर्दी अकरा-बाराला सुरू होते आणि पहाटेपर्यंत हलत नाही. क्लबांची नावं पाठ करण्यात अर्थ नाही, ती सारखी बदलतात. एरिया लक्षात ठेवा. चकाचक कॉकटेल बार आणि हाय हील्स हवेत तर कोलोलो. जरा रिलॅक्स, मित्रांच्या टोळक्यात बसायचंय तर बुगोलोबी. आणि एकदम रस्त्यावरची, गोंगाटाची, झोप न येणारी रात्र हवी असेल तर कबालागाला.

ग्लासात काय? बेल आणि नाइल स्पेशल या इथल्या बिअर. 'वारागी' म्हणजे इथली जिन. सीलबंद ब्रँडेड बाटलीतली असेल तरच घ्या. २०१० साली काबाले भागात मेथॅनॉल मिसळलेल्या दारूने कित्येकांचे जीव गेले होते, तेव्हा सुट्या मालाला हात जोडा. अस्सल अनुभव हवा असेल तर 'मालवा'चा अड्डा गाठा. नाव ऐकून मध्य प्रदेशात जाऊ नका! ही ज्वारी-बाजरीच्या जातकुळीतल्या नाचणीची बिअर. मधोमध मोठं मडकं, भोवती गोल करून बसलेली माणसं, आणि प्रत्येकाच्या हातात मडक्यात सोडलेली लांबलचक नळी. वरून गरम पाणी ओतत राहायचं आणि गप्पा हाणत राहायच्या. फेसबुकच्याही आधीचं सोशल नेटवर्किंग!

म्युझिकवाल्यांसाठी लाइव्ह बँड हवाच. १९७५ साली सुरू झालेला आफ्रिगो बँड हे इथलं मोठं नाव. ढोल, नाच आणि जेवण असं पॅकेज हवं असेल तर न्टिंडाचं न्डेरे कल्चरल सेंटर. आणि इलेक्ट्रॉनिक म्युझिकचे वेडे असाल, तर २०१५ साली जिंजाजवळ नाइलकाठी सुरू झालेल्या न्येगे न्येगे फेस्टिव्हलचं नाव तुम्ही ऐकलंच असेल.

हिरावलेली रात्र

एवढी धम्माल बघून वाटतं, या लोकांना कसली चिंताच नसावी. पण या शहराकडून रात्र वारंवार हिसकावून घेतली गेलीय.

११ जुलै २०१०. वर्ल्ड कपची फायनल. कबालागालातल्या एका इथिओपियन रेस्टॉरंटमध्ये आणि एका रग्बी क्लबच्या मैदानावर लोक मॅच बघत बसले होते. बॉम्बस्फोट झाले आणि सत्तरहून जास्त माणसं गेली. सोमालियातल्या अल-शबाबने जबाबदारी घेतली. आजही बार, मॉल, हॉटेलच्या दारात तुमची बॅग तपासली जाते, अंगावरून मेटल डिटेक्टर फिरतो. कंटाळू नका, हसून हात वर करा. आणि कबालागालात जाल तेव्हा इथिओपियन इंजेरा जरूर खा. आंबूस, जाळीदार, आपल्या आंबोळीची मोठी बहीण. तिथली टेबलं पुन्हा भरली, हेच त्या रात्रीला या शहराने दिलेलं उत्तर.

दुसरा फटका कोविडचा. मार्च २०२० मध्ये बार बंद झाले, रात्रीची संचारबंदी आली. आपल्याकडेही झालं म्हणाल. पण युगांडातले बार उघडायला २४ जानेवारी २०२२ उजाडावं लागलं. जवळजवळ बावीस महिने! डीजे, वेटर, बाउन्सर, बँडवाले, रात्रीचे बोडाबोडावाले, शेगडीवर मुचोमो भाजणारे, सगळ्यांचा धंदा एका फटक्यात बसला. आपली नाइट लाइफ म्हणजे वीकेंडचा टाइमपास. त्यांच्यासाठी ती रोजची भाकरी आहे. म्हणून कंपालात पैसे खर्च करताना निदान अर्धे तरी मॉलबाहेर, शेगडीपाशी खर्च करा.

नोव्हेंबरचा चखणा

नोव्हेंबरमध्ये गेलात तर टेकड्यांवर रात्री भलेमोठे दिवे भगभगताना दिसतील. लग्न नाही, फिल्मचं शूटिंगही नाही. दिव्यांशेजारी चकचकीत पत्रे उभे केलेले असतात आणि त्यांच्या तळाशी पिंपं. उजेडाला भुलून आलेले 'न्सेनेने', म्हणजे हिरवे नाकतोडे, पत्र्यावर आपटून घसरतात ते थेट पिंपात! पाय-पंख काढून, कांदा घालून परतले की कुरकुरीत चखणा तयार. लुगांडा कॅलेंडरात तर नोव्हेंबरचं नावच 'मुसेनेने' आहे. आणि ऐका, बुगांडात 'न्सेनेने' नावाचं एक कुळ आहे. हा कीटक त्यांचं कुलचिन्ह, म्हणून ती मंडळी तो खात नाहीत. आपल्याकडच्या देवकासारखंच की! तेव्हा आग्रह करण्याआधी यजमानाचं कुळ विचारा.

निघण्यापूर्वी

• यलो फीव्हरची लस किमान दहा दिवस आधी घ्या आणि सर्टिफिकेट पासपोर्टबरोबरच ठेवा. व्हिसाचा अर्ज ऑनलाइन होतो. मलेरियाबद्दलही डॉक्टरांशी बोला.

• वेळ ठरवताना दोनदा विचारा. लुगांडात तास सकाळी सातपासून मोजतात. 'सावा सातू' म्हणजे सात नव्हे, तीन. आणि त्यांचे रात्रीचे तीन म्हणजे आपले रात्रीचे नऊ! इंग्रजीत बोललात तर नेहमीचं घड्याळ चालतं.

• बोडाबोडा, म्हणजे बाइक टॅक्सी, ट्रॅफिकमधून भन्नाट निघते. पण अ‍ॅपवरून बोलवा, हेल्मेट मागा. रात्री उशिरा, दोन पेग झाल्यावर सरळ कार घ्या. पोरींनो, परतीची गाडी ड्रिंक घेण्याआधीच ठरवून ठेवा.

• ग्लास टेबलावर सोडून नाचायला जाऊ नका. फोन रस्त्यात हातात नाचवू नका.

• शेगडीवाल्याकडे कार्ड चालत नाही. सुटे पैसे किंवा मोबाइल मनी. एअरटेलचा ओळखीचा लाल बोर्ड इथेही दिसेल.

• २०२३ च्या कायद्यानुसार समलिंगी संबंधांना जन्मठेपेपर्यंत शिक्षा आहे. गे आणि लेस्बियन दोस्तांनी हे ध्यानात ठेवूनच प्लॅन करावा.

• 'सेबो' म्हणजे दादा-साहेब, 'न्याबो' म्हणजे ताई-बाईसाहेब, 'वेबाले' म्हणजे थँक्यू. एवढ्या तीन शब्दांवर अर्धं काम होतं.

कुणी तुम्हाला 'मुयिंदी' म्हणून हाक मारली, तर रागावू नका. त्याचा अर्थ फक्त 'भारतीय' एवढाच. बहुतेक वेळा त्यात कुतूहल असतं, क्वचित जुन्या हिशेबाची हलकीशी किनारही. दुकानाच्या गल्ल्यामागे बसलेला आणि कधी आपल्यात न मिसळणारा, अशी इथल्या भारतीयाची जुनी इमेज आहे. ती पुसायला भाषण लागत नाही. गल्ल्यामागून बाहेर यायचं, शेगडीपाशी उभं राहायचं, लाइनीत थांबायचं आणि सांगायचं, 'सेबो, एक रोलेक्स. आणि हो, चपात्या दोन!'