थामोरा एका तासांत सर झालें नाहीं

उतावळ्या मनुष्यास इंग्रज सांगतो कीं, रोम एका दिवसांत बांधलें गेलें नाहीं. ही म्हण आम्हीं शाळेंत किती मुलांकडून घोकून घेतली असेल, त्याची गणती नाहीं. स्पेनमध्यें अशा प्रसंगीं 'थामोरा एका तासांत सर झालें नाहीं' असें म्हणतात. तें थामोरा एकदां डोळ्यांनीं पाहावें, एवढ्याच हेतूनें आम्ही माद्रिदहून वायव्येस गेलों.

दुएरो नदीच्या कांठीं खडकाळ उंचवट्यावर हें शहर वसलें आहे. वस्ती सुमारें 60 हजार. जुना तट बराचसा उभा आहे. इ. स. 1072 मध्यें कॅस्टिलचा राजा दुसरा सांचो यानें आपली सख्खी बहीण उर्राका हिच्या ताब्यांतील या शहरास वेढा घातला. वेढा सात महिने चालला, अशी परंपरा आहे. शेवटीं वेल्यिदो दोल्फोस नांवाच्या इसमानें तटाबाहेर राजाचाच वध केला आणि सैन्य माघारें फिरलें. तेव्हां थामोरा एका तासांत तर नाहींच, पण सात महिन्यांतहि सर झालें नाहीं! इंग्रजी म्हणींतला धीर गवंड्याचा आहे. ही म्हण तटाच्या आंत कोंडून बसलेल्यांनीं खरी केली. कोशांत मात्र दोघी समानार्थी म्हणून शेजारीं शेजारीं सुखानें नांदतात. (इंग्रज व स्पॅनिश दोघेहि वेळ 'मारतात', आपण वेळ मारून नेतों, तें अगदीं निराळें.) तटांत एक लहानशी दिंडी आहे. तिला शतकानुशतकें 'द्रोहाची दिंडी' म्हणत. आतां तिला 'निष्ठेची दिंडी' असें नांव मिळालें आहे. मारेकरी तोच, सांगणारे मात्र आतां तटाच्या आंतले.

याच गांवीं 1143 मध्यें लेओनच्या राजाशीं झालेल्या भेटींतून पोर्तुगालचें स्वतंत्र राज्य जन्मास आलें, असें मानितात. ज्या राज्यानें 1510 मध्यें गोवें घेतलें, त्याचें बारसें येथें झालें हें पाहून आम्हांस मौज वाटली.

पहांटे उठणाऱ्या पांखरास किडा मिळतो, असें इंग्रजी म्हण सांगते. स्पॅनिश म्हणींत त्यास देव साह्य करतो. पण स्पॅनिश भाषेंत तिला उत्तर देणारी दुसरीहि आहे: कितीहि लवकर उठा, म्हणून कांहीं आधीं उजाडत नाहीं. थामोऱ्यांत ती अक्षरशः पटते. शहर ग्रिनिचच्या पश्चिमेस, आणि घड्याळें मात्र 1940 पासून मध्य युरोपाच्या वेळेचीं! जानेवारींत सूर्योदय साडेआठ वाजून गेल्यावर होतो, आणि उन्हाळ्यांत सूर्य माथ्यावर येतो तो सव्वादोनच्या पुढें. तेथील मंडळी तीन वाजतां जेवतात म्हणून त्यांस आळशी ठरविणाऱ्यांनीं आधीं आपली सावली पाहावी.

क्वचित् घडणाऱ्या गोष्टीसाठीं इंग्रजास निळा चंद्र लागतो. स्पॅनिश मनुष्य 'ईस्टरपासून झावळ्यांच्या रविवारापर्यंत' म्हणतो. हा रविवार ईस्टरच्या आठवडाभर आधीं येतो; म्हणजे मध्यें जवळजवळ वर्ष जातें. दिवाळीपासून पुढच्या दसऱ्यापर्यंत म्हटलें कीं आपल्या घरांतील मुलांसहि हिशेब कळेल. त्याच आठवड्यांतील मिरवणुकींसाठीं थामोरा प्रसिद्ध आहे, आणि परगांवीं गेलेलीं मुलें तेव्हां घरीं येतात. एरव्हीं गांव वृद्धांचें. पोटापाण्यासाठीं तरुण बाहेर पडत असल्यानें या प्रांताची वस्ती वर्षानुवर्षें घटत आहे.

2015 पासून माद्रिदहून येथें शीघ्रगति आगगाडी येते. जी जागा सात महिन्यांत मिळाली नाहीं, ती आतां सुमारें सव्वा तासांत गांठतां येते. रविवारीं सायंकाळीं आम्ही परत निघालों, तेव्हां डब्यांत बहुतेक तरुणच होते, आणि फलाटावर त्यांचे आईबाप.