कडेची झाडे

महाबळेश्वरचे पठार पश्चिमेला एकाएकी संपते आणि खाली सावित्रीचे खोरे उघडे पडते. तिथल्या आर्थर सीटवरून दरीत टाकलेली हलकी वस्तू वाऱ्याबरोबर परत वर येते. पाहुण्यांना त्याची मौज वाटते. झाडांना मात्र तो वारा जन्मभर सोसावा लागतो. समुद्रावरून येणारा आषाढातला वारा कड्यावर आदळून वर चढतो आणि माथ्यावरून जाताना अधिकच वेगवान होतो. वेग दुप्पट झाला, की झाडावरचा दाब चौपट होतो.

अशाच एका कडेला काकांची थोडी जमीन होती. अगदी पुढे जांभूळ, अंजन, हिरडा यांची बुटकी, गाठाळ झाडे दरीकडे पाठ करून वाकलेली. त्यांच्यामागे त्याच जातींची झाडे उंच आणि सरळ. १९७८ साली घरातून दरी दिसावी म्हणून पुढची झाडे काढायचे ठरले. परवानगी मिळाली होती. मी वनस्पतिशास्त्राचा विद्यार्थी, म्हणून काकांनी विचारले, “काय रे, काही बिघडेल का?”

“खुरटीच तर आहेत, काका,” मी म्हणालो.

पुढच्या पावसाळ्यात एका रात्री मागची सात झाडे मुळांसकट आडवी झाली. उपटलेली मुळे परातीसारखी पसरट होती. जांभ्यावर माती जेमतेम वीतभर. मुळांना खोल जायला वाव नाही, आणि भिजलेल्या मातीची पकडही सुटलेली. रोज वारा सोसणारे झाड उंची आवरते, बुंधा आणि मुळे बळकट करते. आडोशाला वाढलेले झाड उजेडामागे उंच जाते. झुंजण्याची सवय त्याला नसते. पुढच्या झाडांचा उतरता माथा वाऱ्याला अलगद वर उचलून देत होता. तो उतार आम्ही काढून घेतला आणि सरळ झाडे वाऱ्यासमोर उघडी टाकली. मी ज्याला खुरटेपण म्हणालो, तो त्या रानाचा बांध होता.

काका मला काहीच बोलले नाहीत. दरीकडची खिडकी मात्र त्यांनी पावसाळाभर उघडली नाही.

२००१ साली महाबळेश्वर-पाचगणी परिसर पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील म्हणून जाहीर झाला. ती बातमी वाचताना मला काकांचा प्रश्न आठवला. त्या दिवशी हरकत घेणे माझ्या हाती होते.